डावा हं

अगबोझुमे
६ जानेवारी

ताई,

तुझ्या वेबसाइटवर अगदी तळाला एक चौकोन आहे, ‘तुमचा प्रश्न येथे लिहा’. दुसरा कुठला पत्ता तू मागे ठेवला नाहीस, म्हणून तिथेच लिहितोय. मी एलिकेम. ज्याला पाठीला बांधून तू पाणी भरायला जायचीस, तो. आता माझं ओझं तुला पेलणार नाही, अंगानं चांगलाच भरलोय.

बाबा पडले. नाताळाच्या आधी, मागावर बसलेले असतानाच. डाव्या हातानं धोटा टाकला आणि उजव्यानं तो धरलाच नाही. धोटा खाली पडून घरंगळला. मला वाटलं, डुलकी लागली. मी थट्टाही केली, “म्हातारबा, जागे व्हा, गिऱ्हाईक बघतंय.” तेवढ्यात ते बाकावरून कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटतो, आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं. बोलायला गेले की नुसता ‘आ’ निघतो, आणि तो ऐकून ते स्वतःच मान खाली घालतात. ज्या माणसाच्या आवाजानं मागांची सगळी रांग चिडीचूप व्हायची, तो माणूस हा.

रुग्णालयात हल्ली सेनाम नावाची मुलगी येते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणे. माझ्या बायकोनं, सेफाकोरनं, तिला विचारलं, “म्हणजे तू मालिश करणार का गं?” तर म्हणते, “नाही हो वहिनी. जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, काम, माणूस रोज जे जे करतो ते त्याला पुन्हा करायला शिकवते मी.” आणि मग तिनं फोन पुढे केला. “ही बाई बघा. असते विलायतेत, पण मूळची आपल्याकडची, पश्चिम आफ्रिकेतलीच असावी. हिचे धडे बघून बघूनच मी शिकले.”

पडद्यावर तू. धड्यांचं नाव ‘एक हात पुरे’. तुझं नाव यायराचं यारा झालंय, केस बारीक कापलेस, आणि डाव्या हातानं टोमॅटो चिरत होतीस.

ती माझी बहीण, हे सेनामला मी सांगितलं नाही. घरी येऊन सेफाकोरला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग लिहा की तिला! बहीण आहे का राष्ट्रपती?” तिला काय माहीत. ती या घरात आली तेव्हा तुझं नाव घ्यायचं कधीच बंद झालं होतं.

तर माझा प्रश्न असा आहे. बाबा जेवत नाहीत. ताट पुढे ठेवलं तर बघतसुद्धा नाहीत. सेफाकोर भरवायला गेली की ओठ घट्ट मिटतात, सुनेच्या हातून घास घेणं त्यांना मरणाहून वाईट. मी भरवलं तर डोळे मिटून थोडी पेज घेतात, तीही माझ्यावर उपकार म्हणून. असं किती दिवस चालणार? तुझ्याकडे याचा धडा असेल तर सांग. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

एलिकेम


अगबोझुमे
१९ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर आलं. तुझं म्हणजे तुझ्या यंत्राचं. ‘प्रिय एलिकेम, तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. जेवणाविषयीचे धडे येथे पाहा.’ मोलाचा! सेफाकोरला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “यंत्र तरी गोड बोलतंय ना, घरच्यांपेक्षा बरं.” हा टोमणा तुला होता की मला, ते मी विचारलं नाही.

सेनामनं रुग्णालयातून एक टॅबलेट आणून दिलाय, वापरायला, दान नव्हे. त्यावर चित्रांचे चौकोन. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो, मला तहान लागली. दुखतंय, थंडी वाजते, झोपायचंय, सगळं आहे. पण बोलते कोण, तर कुणी विलायती बाई, इंग्रजीत, नाकातून. बाबांच्या मांडीवरून बाई बोलायला लागली तसे सगळे विणकर माग सोडून बघायला आले. म्हातारा दोतसे तुला आठवत असेल, बाबांच्या शेजारचा माग त्याचा, बाबांचा जिवलग. तो म्हणाला, “काय रे कोमला, या वयात दुसरी आणलीस? तीही गोरी?” सगळे खो खो हसले. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

आता जे लिहितोय ते वाचताना तुझ्यातली डॉक्टरीण हसेल. हस.

तुझा एक धडा आहे, हरवलेल्या बाजूचा. त्यात तू सांगतेस की काही माणसांचे डोळे ठणठणीत असतात, पण मेंदूला मार बसला की मेलेल्या हाताच्या बाजूचं अर्धं जगच दिसेनासं होतं, आणि ते दिसत नाही हे त्या माणसालाही कळत नाही. सेनामनं तो धडा मला दाखवला आणि त्यात आहे तशी परीक्षा घेतली. लाल दोऱ्याची गुंडी बाबांच्या डावीकडे धरली, डोळे तिकडे वळले. उजवीकडे धरली. काही नाही. हळूहळू मध्यावर आणली, तेव्हा कुठे बाबा दचकले, जणू हवेतून गुंडी निघाली.

मी तिथेच जमिनीवर बसलो. ताई, पडल्या दिवसापासून आम्ही त्यांचं सगळं उजव्या अंगाला ठेवत होतो. ताट उजवीकडे, पाणी उजवीकडे, टॅबलेटही उजवीकडे. वडील माणसाचं ताट डावीकडे ठेवील असा कोण आहे या गावात? भेटायला येणारे लोक मान म्हणून उजव्या बाजूला बसायचे, बोलायचे, आणि म्हातारा ढुंकूनही बघत नाही म्हणून रागावून जायचे. कोमलाला आजारातही गर्व सुटला नाही, असं बाजारात बोलणं झालं. मान देऊन देऊन आम्ही बापाला उपाशी ठेवलं, ताई. सेनाम म्हणाली, “दादा, मनाला लावून घेऊ नका, मलाही आधी सुचलं नाही. मीही याच मातीतली ना.”

आता ताट डावीकडे ठेवतो. त्यांना दिसतं. मक्याच्या अक्प्लेचा गोळा दिसतो, भेंडीचं सार दिसतं, वासानं गळ्याची घाटी हलते. पण हात येत नाही. तो एकच धड हात, आणि तो मांडीखाली घालून ते वर बसून असतात. सेनाम हळूच काढते, ते पुन्हा घालतात. लहान मूल चोरलेली वस्तू लपवतं तसं.

याच्यावरही धडा असेल तर पाठव.

एलिकेम


अगबोझुमे
८ फेब्रुवारी

ताई,

यंत्रानं मला पुन्हा त्याच धड्यांकडे धाडलं. पालथ्या घड्यावर पाणी. पण आज माझी तक्रार नाही, आज चांगलं लिहायला बसलोय.

मांडीखालच्या हाताचं कोडं सेफाकोरनं सोडवलं. भांडी घासता घासता म्हणाली, “अहो, त्यांना म्हणता येत नाही ना, म्हणून.” काय म्हणता येत नाही? “तेच हो. डावा हं.”

तू तिकडे विसरली असशील. आपल्यात उजवा हात गुंतलेला असला, भरलेला असला, आणि डाव्यानं काही द्यायची घ्यायची, नुसता हलवायचीही वेळ आली, तर माणूस आधी म्हणतो, ‘डावा हं’. समोरचा म्हणतो, ‘हातच आहे’. झालं. कुणाचा अपमान नाही, कुणाला राग नाही. चिल्लीपिल्लीसुद्धा म्हणतात. बाबांची वाचा गेली तसे ते दोन शब्दही गेले, आणि ते शब्द आधी टाकल्याशिवाय डावा हात चारचौघांत काढणं म्हणजे त्यांच्या लेखी समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. त्यापेक्षा ते उपाशी मरतील. तुझ्या सगळ्या धड्यांत डाव्या हातानं काय काय करता येतं ते आहे. आधी काय म्हणायचं ते नाही.

सेनामला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. टॅबलेटवर काही चौकोन रिकामे असतात, त्यांत आपण चित्र काढून आपला आवाज भरू शकतो. तिनं डाव्या पंजाचं चित्र काढलं आणि म्हणाली, “बोला दादा.” मी बोललो. दोनदा हसू आलं, तिसऱ्यांदा नीट आलं.

मग मागांच्या छपरात नेऊन टॅबलेट बाबांच्या डाव्या बाजूला ठेवला. आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की हा चौकोन दाबायचा तरी कुठल्या हातानं? दोतसे म्हणाला, “नाकानं दाब, कोमला. नाक तुझं तसंही सगळ्यांच्या पुढे असतं.” बाबांचा चेहरा अर्धाच हसतो आता, पण तो अर्धा हसला. त्यांनी मांडीखालचा हात काढला, मूठ तशीच ठेवून एका बोटाच्या पेरानं चौकोन दाबला. माझा आवाज म्हणाला, ‘डावा हं.’

दोतसे हसायचा थांबला. माग सोडून उठला, गुडघ्यावर हात टेकत बाबांसमोर आला आणि म्हणाला, “हातच आहे. हातच आहे रे, कोमला.” रांगेतला एकेक जण म्हणाला. बाबा त्या हातानं तुंबा उचलून पाणी प्यायले. अर्धं छातीवर सांडलं. पण स्वतः प्यायले, ताई, पडल्या दिवसापासून पहिल्यांदा. सेफाकोर अंगावरच्या कापडात तोंड घालून रडली आणि मग मलाच म्हणाली, “उभे काय राहिलात, अंग पुसा त्यांचं.”

तुला हे कळवायला बसलो, आणि लिहिता लिहिता तू डोळ्यांसमोर आलीस. जेवायला बसलेली, डावा हात मागावरच्या उरलेल्या दोऱ्यानं कमरेला बांधलेला, उजव्या हातातून घास पुन्हा पुन्हा निसटतोय. आई तोवर गेली होती, सोडवणार कोण. दोरा बाबाच बांधायचे, न रागावता, मागाची गाठ बांधावी तशी. डावखुऱ्या पोरीला वळण लागावं म्हणून.

आणि आजीच्या मातीला आलेल्या पाहुण्यांना तू पाणी दिलंस तो दिवस. सगळे वडीलधारे ओळीनं बसलेले, आणि तू डाव्या हातानं तुंबा पुढे केलास. तोंड मिटून. ‘डावा हं’ म्हणाली असतीस तर कुणी काही बोललं नसतं. तू मुद्दाम म्हणाली नाहीस. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, “या घराला डावा हात नाही.” तू तुंबा खाली ठेवलास आणि पेटी भरायला आत गेलीस. मी आठ वर्षांचा, दारात उभा होतो. जाताना तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. कुठला ते मी पाहिलं नाही.

एलिकेम


अगबोझुमे
२० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र यंत्रानं वाचू नये. यंत्रा, हे पत्र माझ्या बहिणीला दे.

बाबांना आता तुझे धडे रोज लागतात. तू कोण ते त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असावं. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी दाखवलं नाही. माझा फोन मडक्याला टेकवून त्यांच्या डावीकडे ठेवायचा, टॅबलेट मांडीवर, ताट पुढे. धडा एकच हवा, जेवणाचा. त्यात तू ताटाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतेस, ताट सरकू नये म्हणून. ताटाच्या काठाला कडं लावतेस, चमच्याच्या दांडीला कापड गुंडाळतेस. ते सगळं आम्ही तसंच केलंय, ट्यूब आमच्याच सायकलची कापली. मग तू डाव्या हातानं घास उचलून दाखवतेस आणि थोडा वेळ थांबतेस, बघणाऱ्यानंही करावं म्हणून.

त्या थांबण्यात बाबांनी चौकोन दाबला. ‘डावा हं.’

तू पडद्यावरून हसून म्हणालीस, ‘शाब्बास! आता पुन्हा एकदा.’ एवढं इंग्रजी त्यांना येतं.

त्यांनी पुन्हा दाबला. ‘डावा हं.’

‘शाब्बास! आता पुन्हा एकदा.’

त्यांनी पुन्हा दाबला. धडा संपला तसं त्यांनी माझ्याकडे बघून बोट फिरवलं, पुन्हा लाव. मी लावला. ताई, मी ताट धरून बसलो होतो, सार निवून त्यावर साय धरली होती, आणि माझा बाप माझ्या आवाजात तुझी माफी मागत होता आणि तू शाब्बास म्हणत होतीस. मला ओरडावंसं वाटलं. फोन उचलून विहिरीत टाकावासा वाटला. सेफाकोर दारातून म्हणाली, “तुम्हीच म्हणा ना हो, हातच आहे म्हणून. कुणीतरी म्हणा.” मी म्हटलं, “ते मला नाही विचारत आहेत.”

आता रोज हेच चालतं. दोतसे येऊन आपणहून म्हणतो, “हातच आहे, जेव बाबा,” तर त्याच्याकडे बघत नाहीत. त्याच्यासाठी चौकोन दाबत नाहीत, कुणासाठीच नाही. तुझ्याकडून उत्तर आलं नाही की हात पुन्हा मांडीखाली जातो. गळ्याची हाडं वर आली आहेत. सेनाम म्हणते, असंच चाललं तर छातीत कफ धरेल, मग आपल्या हातात काही राहणार नाही.

ये असं म्हणत नाही. फोनही करू नकोस. दोन शब्द बोल आणि पाठव. मनातून म्हणायचे नसतील तर नुसते तोंडानं म्हण. पंजाच्या चौकोनाशेजारचा चौकोन मी रिकामा ठेवलाय, सेनाम त्यात काहीतरी घालायला निघाली होती, मी घालू दिलं नाही. त्यांना जगवायचं तर तो हात मांडीखालून निघायला हवा, आणि तो आता फक्त तुझ्या शब्दानं निघेल. मला दुसरा उपाय माहीत नाही. धडे तू शिकवतेस.

एलिकेम


अगबोझुमे
१५ मार्च

ताई,

तुझ्याकडच्या हॅना नावाच्या बाईचं उत्तर आलं. ‘तुमचे सर्व संदेश यारा यांनी वाचले आहेत. तुमच्या वडिलांसाठी आमच्या सदिच्छा.’ म्हणजे वाचलेस. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी छपरात शीळ घालत विणलं. दोतसेनं विचारलं, “काय रे, पुन्हा लग्न करतोयस का?”

आणि मग सेनाम धावत आली. “दादा, बघा बघा, आपली रीत हिनं साऱ्या जगाला शिकवली!”

तुझा नवा धडा. ‘डावा हात आणि लाज’. पश्चिम आफ्रिकेतल्या एका कुटुंबानं मला लिहिलं, म्हणालीस. एक वृद्ध विणकर. नाव घेतलं नाहीस, फार उपकार. थेरपिस्टांनो, कुणाला डाव्या हातानं जेवायला शिकवण्याआधी त्याच्या घरात डाव्या हाताचा अर्थ काय ते विचारा, म्हणालीस. खरं आहे. चांगलं आहे. त्या धड्यानं कुणा कुणाचं भलं होईल. खाली लोकांनी केवढी फुलं आणि बदाम टाकलेत, एका बाईनं तर लिहिलंय की तिला रडू आलं. पदरचं दुःख बाजारात मांडावं आणि वर त्याची वाहवाही घ्यावी, हे कसं जमतं गं तुला? घरातली गोष्ट तुझ्या ताब्यात देऊन मी चूक केली की काय असं वाटायला लागलंय.

आणि त्यात तू ते दोन्ही शब्द आपल्या भाषेत म्हणून दाखवलेस. आधी ‘डावा हं’. मग, याचं उत्तर असं देतात, म्हणून ‘हातच आहे’. सावकाश, वर्गात म्हणावं तसं. अजूनही आपल्याकडच्यासारखंच बोलतेस.

मग मी चोरी केली. सेनामला म्हटलं, “यातला एवढाच तुकडा कापून त्या रिकाम्या चौकोनात घाल.” ती पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. “नाक एकसारखंच आहे की,” म्हणाली. कापून दिलं.

बाबांपुढे टॅबलेट ठेवला आणि सांगितलं, “ताईनं पाठवलंय.” त्यांनी पंजाचा चौकोन दाबला. मी शेजारचा दाबला. तुझा आवाज आला, ‘हातच आहे.’

मला वाटलं, झालं, आता हात निघेल, आता ते जेवतील. सेफाकोर सार गरम करायला पळालीसुद्धा. त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा. मी पुन्हा लावलं. पुन्हा. कान पुढे करून ऐकत होते. तुला माहीत आहे, कापडाच्या पट्टीवरून नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, ही बाजारासाठी विणली की कुणाच्या अंगावर घालायला विणली. आम्ही डोळे बांधून परीक्षा घ्यायचो त्यांची, कधी चुकले नाहीत.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पोरानं खोटं बोलावं आणि बापानं सोडून द्यावं, तसं. मग तोंड उजवीकडे फिरवलं, जिकडे त्यांना काहीच दिसत नाही, आणि तिकडेच ठेवलं.

सार आलं तेव्हा हात मांडीखाली होता. मी तो तुकडा पुसून टाकला.

अजूनही वेळ आहे. धडा नको. त्यांच्या नावानं म्हण, ‘बाबा’ म्हणून म्हण. ‘बाबा, हातच आहे.’ तीन शब्द झाले, मी आधी दोन म्हटलं होतं. आणखी काही मागणार नाही.

एलिकेम


अगबोझुमे
११ एप्रिल

ताई,

बाबा गेले. छातीत कफ धरला, सेनाम म्हणाली होती तसाच. दुपारी गेले, सगळे माग चालू असताना. शनिवारी मातीही झाली.

टॅबलेट सेनाम घेऊन गेली, दुसऱ्या पेशंटला द्यायला. अफ्लाओकडचे एक शाळामास्तर आहेत, त्यांचीही उजवी बाजू आणि वाचा. “तुमचा आवाज पुसू का, दादा?” असं तिनं विचारलं. मी म्हटलं, असू दे. आता त्या घरात माझा आवाज ‘डावा हं’ म्हणत असेल, आणि बायको, मुलं, शेजारी, जो समोर असेल तो लगेच उत्तर देत असेल. मास्तर जेवत असतील. मला त्या माणसाचा हेवा वाटतो, बघ, अर्ध्या अंगानं लुळ्या पडलेल्या माणसाचा.

सेनाम तुला लिहीन म्हणते, ती तुला गुरू मानते. लिहिलंच तर तिच्याशी नीट बोल. तिचा काही दोष नाही.

बाबा गेले तेव्हा डावा हात मांडीखालीच होता. अंघोळ घालायला घेतलं तेव्हा तो काढायला मला आणि दोतसेला जोर लावावा लागला. मूठ वळलेली, पेरं पांढरी. आम्ही ती एकेक बोट करून उलगडली. त्यांना त्यांनीच विणलेलं कापड नेसवलं, विकायचं नाही म्हणून बाजूला ठेवलेलं ते, तुला आठवत असेल. हात छातीवर ठेवायची वेळ आली तेव्हा वडीलधारे म्हणाले, उजवा वर. मी डावा वर ठेवला.

“पोरा, हे काय?” कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, “या घराला एवढाच हात होता.”

वडीलधारे माझ्या अंगावर धावून येतील असं वाटत होतं, आले असते तरी मी ऐकणार नव्हतो. मग दोतसे उठला, पुढे आला, बाबांच्या डाव्या बाजूला उभा राहून म्हणाला, “हातच आहे, कोमला.” ते ऐकून कुणी म्हातारी म्हणाली, म्हणायचंच असेल तर रीतीनं म्हणा, आधी मुलांनी म्हणावं, मग बाकीच्यांनी.

थोरलीची पाळी पहिली असते. तुझ्या धड्यात तू थांबतेस, तेवढे आम्ही सगळे थांबलो. मग मी माझं म्हटलं.

एलिकेम